शहर वाढतंय की ओसरतंय? कोल्हापूरचा हिशोब कसा मांडायचा

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिका हद्दीत ५,४९,२३६ माणसं मोजली गेली. २००१ ला ४,९३,१६७ होती. दहा वर्षांत ५६,०६९ ची भर, म्हणजे ११.४ टक्के. त्याआधीच्या दशकात हीच वाढ २१ टक्क्यांच्या घरात होती. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला, पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी, ठाणे ३६ टक्क्यांनी. हे आकडे शेजारी ठेवले की कट्ट्यावर लगेच निकाल लागतो, कोल्हापूर थांबलं म्हणून. त्यात तथ्य आहे, पण नेमकं काय थांबलं आणि काय नुसतं नाक्यापलीकडं सरकलं हे एका टक्केवारीतून दिसत नाही. त्यासाठी ती टक्केवारी फोडावी लागते.

काम एका रविवारचं आहे. एक्सेल किंवा साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून चार तक्ते उतरवून घ्या. ए-४ मध्ये प्रत्येक शहराची १९०१ पासूनची लोकसंख्या मिळते. प्राथमिक जनगणना सार गावनिहाय आणि प्रभागनिहाय आकडे देतं. सी-१४ मध्ये पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. लाखावरच्या शहरांसाठी तो वेगळा निघतो, तोच घ्या. डी-३ मध्ये स्थलांतराची कारणं असतात. सगळे फुकट आहेत.

आधी हद्द बघा

शहराची लोकसंख्या तीनच वाटांनी बदलते. माणसं जन्मतात आणि मरतात, येतात आणि जातात, किंवा सरकार एका अधिसूचनेनं हद्द हलवतं. तिसरी वाट कागदावरची असते, पण सगळ्यात जास्त फसवते तीच. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली आणि २०२१ साली आणखी २३. पुण्याचा पुढचा आकडा २०११ च्या आकड्याशी थेट ताडून पाहणारा माणूस ही गावंही ‘वाढ’ म्हणून मोजणार. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये असंच झालं. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर कारखाने बंद पडले आणि १९८९ मधले सुमारे ५ लाख ३० हजार लोक १९९८ पर्यंत ४ लाख ३७ हजारांवर आले. नंतर आकडा एकदम वर उडाला, पण त्यातली पहिली उडी आसपासची गावं शहरात घेतल्यामुळं होती. खरी माणसं परत यायला त्यानंतर बराच वेळ लागला. आज तिथं सहा लाखांवर लोक राहतात.

कोल्हापूरचा अभ्यास करणाऱ्याचं नशीब या बाबतीत चांगलं आहे, हद्दवाढीच्या राजकारणाचं जे व्हायचं ते होवो. महापालिका झाली १९७२ ला, आणि तेव्हाची ६६.८२ चौरस किलोमीटरची हद्द २०११ च्या मोजणीलाही तीच होती. म्हणून २००१ आणि २०११ ची तुलना सरळ करता येते, दुरुस्ती लागत नाही. दुसरं शहर घेतलंत तर जिल्हा जनगणना पुस्तिकेतल्या शहर-सूचीत क्षेत्रफळाचा रकाना दोन्ही जनगणनांसाठी तपासा. क्षेत्रफळ बदललेलं असेल तर नव्यानं आलेल्या गावांची जुनी लोकसंख्या जुन्या आकड्यात मिळवायची आणि मगच टक्केवारी काढायची.

हद्द न हलण्याची दुसरी बाजूही आहे. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, शिंगणापूर या गावांत शहराची घरं उभी राहिली, पण ती माणसं शहराच्या आकड्यात नाहीत. जनगणनेचा ‘नागरी समूह’, म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेला नागरी भाग, धरला तरी २०११ चा आकडा ५ लाख ६२ हजारांच्या आतच राहतो, म्हणजे महापालिकेपेक्षा जेमतेम साडेबारा हजार जास्त. कळंबा नाक्यावरून पाचगावच्या बाजूला एक चक्कर मारून आलेल्या कुणालाही हा फरक पटणार नाही. त्यामुळं दोन रकाने करा: एक महापालिकेचा, दुसरा महापालिका अधिक भोवतालची गावं असा. गावं निवडताना मनाची यादी करू नका. २०१७ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरणात ४२ गावं आहेत, तीच यादी धरा, म्हणजे उद्या कुणी ‘हेच गाव का घेतलं’ असं विचारणार नाही.

जन्म-मृत्यू वजा करा

शहराला कुणी आलं नाही आणि कुणी गेलंही नाही, तर ते किती वाढलं असतं? हे काढायला नमुना नोंदणी पद्धतीतले, म्हणजे सरकार निवडक वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजून काढतं ते, राज्याचे दर वापरता येतात. २०११ साली महाराष्ट्रात दर हजारी जन्म १६.७ आणि मृत्यू ६.३ होते. फरक १०.४, म्हणजे वर्षाला १.०४ टक्के. दहा वर्षं चक्रवाढीनं चढवलं की १०.९ टक्के होतात.

आता ४,९३,१६७ ला ०.१०९ ने गुणा. येतात सुमारे ५३,७५०. प्रत्यक्ष वाढ ५६,०६९. उरले सुमारे २,३००. दहा वर्षांत, पाच लाखांच्या शहरात, आलेले वजा गेलेले एवढेच.

आणि हा आकडाही उदार आहे. २०११ चा दर दशकाच्या शेवटचा. दशकाच्या सुरुवातीला जन्मदर यापेक्षा बराच जास्त होता. सरासरी दर धरला तर नैसर्गिक वाढच बारा टक्क्यांच्या आसपास जाते आणि उरलेला आकडा शून्याखाली घसरतो. राज्याचा दर कोल्हापूर शहराला तंतोतंत लागू होत नाही, म्हणून २,३०० या आकड्यावर कुणाशी पैज लावू नका. पण हद्दीच्या आत आलेले आणि गेलेले जवळपास सारखेच होते, एवढं म्हणायला हा हिशोब पुरेसा आहे.

इथं बरेच जण एक शॉर्टकट घेतात. राज्याचा दर कशाला, महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातूनच आकडे घेऊ, म्हणतात. घ्या, पण कायद्यानं जन्माची नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते, आईबाप राहतात तिथं नाही. सीपीआर या सरकारी दवाखान्यात राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीची बाळंतपणं होतात. खासगी दवाखान्यांत कोकणातून आणि सीमाभागातून पेशंट येतात. त्यात आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. पुण्याला नांदणारी मंगळवार पेठेतली लेक सातव्या महिन्यात येते, बाळाची नोंद कोल्हापुरात होते आणि तीन-चार महिन्यांनी बाळ हडपसरला जातं. मृत्यूचंही तेच, गंभीर पेशंट इकडंच आणतात. दोन्ही आकडे फुगतात, पण सारखे फुगत नाहीत. जन्माच्या अर्जात आईच्या राहण्याच्या गावाचा वेगळा रकाना असतो. त्यावरून चाळून घेतलेला आकडा मिळाला तरच वापरा, एकूण आकडा सोडून द्या.

वयोगट पुढं सरकवून बघा

एवढं करून हाती येतो तो निव्वळ आकडा. पाच हजार आले आणि पाच हजार गेले तरी तो शून्यच दाखवणार. कोण आलं आणि कोण गेलं हे बघायचं तर सी-१४ उघडा. आमच्या मते या सगळ्या कामातला सर्वात बोलका भाग हाच, आणि नेमका हाच लोक कंटाळून सोडतात.

रीत सोपी आहे. २००१ ला १० ते १४ वयाची जी पोरं होती तीच २०११ ला २० ते २४ ची झाली. या वयात मृत्यू फार कमी, दहा वर्षांत शंभरातली ९८-९९ उरतात असं धरायला हरकत नाही. समजा २००१ ला मुलगे २५,००० होते. २०११ ला २४,६०० च्या आसपास दिसायला हवेत. दिसले २७,०००, तर सुमारे २,४०० बाहेरून आले. दिसले २१,०००, तर साडेतीन हजार गेले. प्रत्येक वयोगटाचं, मुलगे आणि मुली वेगवेगळे धरून, हे करा आणि फरकाचा आलेख काढा. चाळिशीच्या पुढं मृत्यू वाढतात; तिथं ९८ टक्के चालत नाही, आयुर्मान तक्त्यातलं टिकण्याचं प्रमाण घ्यावं लागतं.

आलेख वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. मुलींच्या रकान्यात १८ ते २५ मध्ये जी उलथापालथ दिसते तिचं मुख्य कारण लग्न. डी-३ मध्ये बायकांच्या स्थलांतराचं सर्वात मोठं कारण तेच असतं. नोकरीचं वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे बघायचं असेल तर आधी पुरुषांचा आलेख वाचा. दुसरं, विद्यार्थी. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून बोर्डिंगं काढायला सुरुवात केली, १९६२ ला शिवाजी विद्यापीठ आलं, नंतर इंजिनिअरिंग आणि मेडिकल. जनगणना होस्टेलच्या पोराला होस्टेलवरच मोजते. म्हणून कॉलेजांच्या गावात २०-२४ चा आकडा चांगला दिसला तर हुरळून जाऊ नका, ३०-३४ चा रकाना बघा. शिकायला आलेलं पोरगं नोकरीला राहिलं का, हे तिथं कळतं. तिसरं, वय सांगताना लोक ‘चाळीस असेल’, ‘पन्नास लिहा’ म्हणतात, त्यामुळं ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांवर ढीग साचतो. एकेका वर्षाचे आकडे कधीच वापरू नका. पाच वर्षांचा गटही वेडावाकडा वाटला तर शेजारचे दोन गट एकत्र करा.

घरं वाढली म्हणजे माणसं वाढली असं नाही

गल्लीत दोन अपार्टमेंट उठली की लोकसंख्या वाढली असं वाटतं. समजा एका प्रभागात १,००० घरं आणि घरटी पाच माणसं, एकूण ५,०००. दहा वर्षांनी घरं १,१५०, पण घरटी ४.२ माणसं. गुणाकार ४,८३०. बांधकाम पंधरा टक्के वाढलं आणि माणसं कमी झाली. जुन्या पेठांत वाडा पडून फ्लॅट होतात तेव्हा बऱ्याचदा हेच घडतं, कारण एका चुलीच्या तीन चुली होतात आणि त्यातली एक पाचगावला जाते. प्रभागनिहाय लोकसंख्येला कुटुंबसंख्येनं भागून हा रकाना नक्की काढा. त्याच वेळी रिकाम्या, कुलूपबंद घरांचा आकडाही घरयादीच्या तक्त्यांतून बघून ठेवा.

मुंबईचं मोठं उदाहरण समोर आहे. मुंबई शहर जिल्हा २००१ ला ३३,३८,०३१ होता, २०११ ला ३०,८५,४११ झाला. साडेसात टक्के घट. गिरण्या बंद झाल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, जागेचा भाव वाढला, आणि माणसं उपनगरांत अन् ठाण्यात गेली. मुंबई ओस पडली असं यावरून कुणी म्हणत नाही, कारण सगळ्यांना लोकल दिसते.

बाहेरचा पैसा गावात कोण आणतं?

आता ‘का’ कडं येऊ. शहरातली कामं दोन प्रकारची. किराणा, केशकर्तनालय, रिक्षा हे गावातलाच पैसा गावात फिरवतात. ओतकाम, साखर, घाऊक कापड, विद्यापीठ, मोठे दवाखाने, अंबाबाईला येणारे भाविक हे बाहेरचा पैसा आत आणतात. दुसऱ्या प्रकारच्या एका कामामागं पहिल्या प्रकारची दोन-तीन कामं उभी राहतात. शहर कशावर चालतं ते ओळखण्याची कसोटी अशी: जिल्ह्यातल्या शंभर कामगारांत एखाद्या धंद्यातले किती, आणि राज्यातल्या शंभरांत किती? पहिल्याला दुसऱ्यानं भागा. समजा धातुकामात जिल्ह्यात ६ आणि राज्यात २, तर उत्तर ३. म्हणजे गावाच्या गरजेच्या कितीतरी वर माल निघतोय आणि तो बाहेर जातोय. उत्तर १ च्या खाली आलं तर ती वस्तू किंवा सेवा आपण बाहेरून आणतोय. धंदानिहाय आकडे आर्थिक गणनेत मिळतात, पण जिल्ह्याच्या पातळीवर.

एकच धंदा ३-४ वर आणि बाकी सगळे १ च्या खाली असतील तर ते गाव धोक्यात आहे. कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सची खाण २००१ साली बंद झाली आणि एका खाणीवर उभ्या गावाचा पायाच गेला. जपानमधल्या युबारीत कोळसा होता. १९६० च्या सुमारास लाखावर लोक, शेवटची खाण १९९० ला बंद, पुढं पालिका दिवाळखोर, आणि आज दहा हजारसुद्धा नाहीत. इचलकरंजी यंत्रमागावर उभी आहे. २००१ ते २०११ मध्ये ती सुमारे २ लाख ५८ हजारांवरून २ लाख ८७ हजारांवर गेली, वाढ कोल्हापूरएवढीच. तिथं वयोगटाचा आलेख काढाल तर २० ते ३४ च्या पुरुषांवर खास नजर ठेवा. परप्रांतातून आलेला कामगार मंदी आली की सगळ्यात आधी गाडीत बसतो.

कोल्हापूरचे पाय बरेच आहेत, त्यामुळं ते असं कोसळणारं शहर नाही. मग हद्दीच्या आत वाढ मंद का? आम्हाला तीन कारणं दिसतात आणि त्यातलं पहिलं सगळ्यात वजनदार वाटतं.

इथल्या खेड्यात भागतं. धरणं, ऊस, साखर कारखाने, दूध संघ, आणि बऱ्याच गावांना शहर तास-दीड तासावर. विहिरीला पाणी नसलेला माणूस शहरात राहायला येतो. दीड एकर ऊस आणि दोन म्हशी असलेला माणूस सकाळी धार काढून, डबा घेऊन, मोटारसायकलवर कामाला येतो आणि रात्री गावी झोपायला जातो. जनगणना माणूस झोपतो तिथं मोजते. २०११ ला जिल्ह्यात नागरी लोकसंख्या ३१.७ टक्के आणि राज्यात ४५.२, या फरकाचा मोठा भाग त्या डब्यात आहे. कामाला किती लांबून आणि कशानं येतात हे बी-२८ तक्त्यात सापडतं. हा तक्ता कुणी उघडत नाही, तुम्ही उघडा.

दुसरं, नवा रोजगार हद्दीबाहेर पडला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या तिन्ही औद्योगिक वसाहती महापालिकेबाहेर आहेत. फौंड्रीत येणारा बाहेरचा कामगार तिथंच खोली घेतो. त्याचा पगार शहरातल्या लक्ष्मीपुरीत खर्च होतो, पण मोजणी ग्रामपंचायतीत होते. त्यात पंचगंगेचा पूर. २००५, २०१९ आणि २०२१ नंतर घर घेणारा आधी पूररेषा विचारतो, मग दर. साहजिकच ओढा उंचावरच्या दक्षिणेकडच्या गावांकडं जातो.

तिसरं, पुणे. इंजिनिअर झालेल्या पोराला इथं एक नोकरी मिळेलही, पण बायकोही इंजिनिअर असेल तर दोघांना मनासारखं काम एकाच गावात लागतं. मोठ्या शहरात एक कंपनी सोडली तर दुसरी समोर असते, लहान शहरात सोडली तर गाव सोडावं लागतं. मोठी शहरं आणखी मोठी होण्यामागं हे साधं गणित आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. अशी एखादी संस्था वकील, कारकून, टायपिस्ट, लॉज, खानावळ सगळ्यांना ओढते. तिचा परिणाम पुढच्या मोजणीत ३०-४४ च्या रकान्यात शोधा.

हद्दीबाहेर वाढ गेली की काय होतं याचं टोकाचं उदाहरण डेट्रॉइट. १९५० ला शहरात साडेअठरा लाख, २०२० ला ६ लाख ३९ हजार. पण उपनगरं धरून त्या पट्ट्यात आजही त्रेचाळीस लाखांवर लोक आहेत. माणसं हद्दीपलीकडं गेली, कर त्यांच्याबरोबर गेला, आणि अठरा लाखांसाठी घातलेले पाइप, रस्ते, दिवे मात्र जागेवर राहिले. २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली. तिथं गोऱ्या-काळ्यांच्या वस्त्यांचं राजकारणही होतं, म्हणून उदाहरण जसंच्या तसं इकडं लावू नका. करदाता कुठं आणि खर्च कुठं, हा प्रश्न मात्र उचला.

२०११ नंतरचं काय?

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर दुय्यम खुणांवर भागवावं लागतं, आणि प्रत्येक खूण कुठं तरी खोटं बोलते. मतदार यादीत पुण्याला गेलेल्यांची नावं तशीच असतात. महापालिका शाळांचा पट घसरला म्हणजे मुलं कमी झाली असं नाही, खासगी शाळांचाही पट मिळवून बघा. उलट खासगी शाळेच्या बसमधून आलेली मुलं खेड्यातली असतात. घरफाळ्याची खाती घरं मोजतात, माणसं नाहीत. त्यातल्या त्यात बरी खूण म्हणजे घरगुती वीजजोडण्या, त्याही महिन्याला अगदी नगण्य युनिट जाळणाऱ्या वगळून; कुलूपबंद फ्लॅट त्यात आपोआप गळतात. शहरातली आणि ४२ गावांतली टक्केवारी शेजारी ठेवा. कुठल्याही तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर विश्वास ठेवा, एकीवर कधीच नको.

एक ध्यानात असू द्या: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात एका बाईमागं सरासरी १.७ मुलं होती, लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. तरुणांची संख्या अजून मोठी असल्यामुळं जन्म मृत्यूंपेक्षा जास्त आहेत, पण ती शिल्लक दरवर्षी आटतेय. २००१-११ च्या कोष्टकात १०.९ टक्क्यांनी जे झाकलं गेलं ते पुढच्या कोष्टकात उघडं पडेल.

नवे आकडे येण्याआधी २०११ चा रकाना गावनिहाय भरून तयार ठेवा आणि गावाच्या नावावर नव्हे, जनगणनेच्या गाव-क्रमांकावर जुळवणी करा. करवीर तालुक्यात कळंबे तर्फ ठाणे आहे आणि कळंबे तर्फ कळेही आहे. पहिलं शहराला चिकटलेलं, दुसरं लांब. नावावर जुळवलं तर एक्सेल हमखास चुकीचं कळंबं उचलतं. आणि नुसता करवीर तालुका उतरवून घेतलात तर शिरोली पुलाची सुटते, कारण ती हातकणंगले तालुक्यात आहे.